आबाची सर्व्हिस

"हॅलो?… हाव, बोल धम्मे. ऐकून राहिले."

नायगावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी मनिषा, वडील म्हणजे आबा वारल्यापासून माहेरीच होती. धाकटी बहीण धम्मप्रिया लातूरहून, फ्लेक्सच्या दुकानातून बोलत होती. रविवारी आबांचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या फ्लेक्सवरचा मजकूर ठरत होता.

"'कालकथित आनंदराज'… बराबर. फोटो निळ्या शर्टातला घे… आन् नावाखाली?… काय?… 'सर्व्हिस, नगरपालिका'?… अगं, सर्व्हिस कुठं व्हती आबाला?… ऐक ना… अगं ऐक तर! रोजंदारीवर व्हते आबा. जलमभर गावाचे नळ सोडले, पर कायम केलं का कुणी?… तेच तर! सर्व्हिस म्हणजे कायम. म्हणजे पेन्शन… जॉब? जॉब मॉलमधली पोरं करतेत, आज हाय, उद्या न्हाई… न्हाई, न्हाई, लेबर तर मुळीच नको! आईच्या लई जिवाला लागंल."

शब्दांचा कीस पाडण्यात मनिषाचा हात कुणी धरला नसता. पण आज स्वतःच्या बापाला बसेल असा एक शब्द तिला सापडेना, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"वर्कर लिव्ह ना मग… का नको?… अगं, पालिकेतली कायमची माणसं येतील, हसतील ना 'सर्व्हिस' वाचून!… धम्मे? रडायला काय झालं?… कोण हाय दुकानात?… बरं, बाहेर ये आधी… हं. सांग."

धम्मप्रियानं दुकानाबाहेर येऊन सांगायला घेतलं.

"कुणी, आबानं?… तुझ्या सासऱ्याला?… सोयरिकीच्या बैठकीत?… 'मी सर्व्हिसला हाय' म्हणले?… आन् तू आजवर… आईला ठावं हाय?… कुणालाच न्हाई?"

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वशिल्यानं कुणाचा नळ लवकर सोडला नाही, तो लेकीच्या लग्नासाठी खोटं बोलला होता.

"न्हाई गं, चिडले न्हाई… सासरे येणार ना रविवारी?… हाव, म्होरंच बसतील… नको रडू, बाई. लिव्हू दे त्याला 'सर्व्हिस'. मोठ्या अक्षरात… मी सांगते ना! हसणाऱ्याला हसू दे… मेल्यावर तरी होऊ दे आबाला परमनंट."

मनिषानं फोन ठेवला.