डोलकाठी कोण धरतं

सेलूच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकड्यावर बाप-लेकीचं भांडण चाललं होतं, आणि मी काही कान झाकून बसणारी बाई नाही.

"समुद्रात जायचं न्हाई म्हणलं की न्हाई. घरी चल."

"अप्पा, गोव्यात वर्षभर त्या शिडाच्या नावेवर मीच राबले. आता ती मॉरिशसला निघाली, तर मी मागं राहू?"

"ती डोलकाठी वाऱ्यानं मोडली म्हणजे?"

"जत्रेत आपल्या महादेवाची उंच काठी कशी उभी राहती?"

"चारी अंगानं दोर धरतो की आमी."

"तिथं तारा हायेत. पुढं, मागं, दोन्ही बाजूला. मीच ताणल्यात."

"मग कचकचून ताणायच्या!"

"लय ताणलं की नावच वाकती, आतलं दारसुद्धा लागत न्हाई. काठीच्या बुडाशी बसून, एक डोळा मिटून वर बघायचं, काठी सरळ दिसंपर्यंत. मग शीड लावून वाऱ्यात न्यायची. वारा येतो त्याच्या उलट्या बाजूची तार ढिली पडली की कसायची. नाव वळवायची, दुसरी बाजू तेवढीच कसायची."

"आन् वरच्या टोकाला कोण जातं?"

"मीच. कमरेला दोर बांधून."

"किती उंच?"

"चार मजले असंल."

"हलत्या पाण्यावर?"

"हलत्या पाण्यावर."

मी मान वर करून स्टेशनावरच्या दिव्याच्या खांबाचं टोक बघितलं. गाडी आली तरी बाप उठेना.

"तू वर असताना खाली तुझा दोर कोण धरतं?"

"उत्तरा. माझ्यासंगं काम करती."

"तिला फोन लाव आधी. सांगतो तिला, तू वर असताना इकडंतिकडं बघायचं न्हाई."