पोचला ना?

दवाखान्याच्या व्हरांड्यात उन्हाची एकच पट्टी होती. शिंपीणबाईंनी सरकून म्हातारबुवांना आणि त्यांच्या मेहुणीला जागा करून दिली. मग नको म्हटलं तरी कान तिकडेच राहिले.

"तुझ्या ताईची नजर गेल्यापासून थंडीत रोज दुपारी जुना सिनेमा लावायचो. पडद्यावर काय चाललंय ते मी सांगायचो."

"माहितीये, भाऊजी."

"त्या पोस्टमनच्या सिनेमात तो शेवटी बर्फात मरतो. मी सांगायचो, घरी पोचला. शेवटी बोलणं नाही, नुसतं व्हायोलिन. म्हणून खपून गेलं. पाप केलं का गं मी?"

"अहो, तो तर आम्ही दोघींनी तुमच्या लग्नाआधीच पाहिलाय! घरी येईपर्यंत ताई रडत होती."

"काय सांगतेस! मग दर वेळी 'पोचला ना?' असं का विचारायची?"

"तुम्ही इतकं जीव लावून सांगायचात, म्हणून."

म्हातारबुवांनी चष्मा काढला.

"डोळे पुसा, आत बोलावतील आता. डॉक्टर काल बोलले ते ताईला सांगितलंत?"

"कसं सांगू? म्हटलं, थंडी सरली की घरी जाऊ."

"मग?"

"हसली. माझा हात चाचपून धरला आणि अगदी तसंच विचारलं, 'पोचले ना मी?'"