वहिनींचा फोटो काढून घ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले विश्वस्त, मुद्दाम वेळ काढून आलेले तिन्ही परीक्षक, आजच्या सत्कारमूर्ती आक्का, ज्यांची छायाचित्रं या भिंतींवर आहेत ते प्रसन्न कलावंत, ज्यांची नाहीत आणि तरीही जे आले आहेत ते थोर कलावंत, आणि रसिकहो,

आक्का आज कलादालनाच्या व्यवस्थापक म्हणून निवृत्त होत आहेत. अशा प्रसंगी सत्कारमूर्तींना दीपस्तंभ वगैरे म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. दीपस्तंभ एका जागी उभा राहतो. आक्का या इमारतीत एका जागी सापडल्या असतील, तर ज्याने पाहिलं त्याने हात वर करावा.

नाही ना? मग मी एकच प्रसंग सांगतो. तो याच प्रदर्शनाचा आहे, आणि तो ऐकून अध्यक्ष हसतील. बघा, हसले.

आमच्या थोरल्या बंधूंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान इथून दोन गल्ल्यांवर आहे. बंधूंचं म्हणायचं एवढंच. चालवतात आमच्या वहिनी. लोक कपडे टाकून जातात आणि काही जण परत येतच नाहीत. ते कपडे मागच्या दांडीवर वर्षानुवर्षं लटकतात. एक लग्नाचा सूट, शाळेचा छोटा कोट, कुणाचा तरी ओव्हरकोट. वहिनींनी एका सकाळी त्या दांडीचा फोटो काढला आणि कुणाला न विचारता आपल्या कलादालनाच्या छायाचित्र स्पर्धेला पाठवला. नाव दिलं, ‘परत न नेलेले’. दादा म्हणाले, “लोकांचे कपडे लोकांनाच नकोत, ते भिंतीवर कोण बघणार?” घरातली पहिली समीक्षा ती.

पहिल्या फेरीत फोटो निवडला गेला. आपल्याकडे पद्धत अशी, की पहिल्या फेरीतली चित्रं भिंतीवर लागतात आणि परीक्षक समोर उभे राहून अंतिम निवड करतात. अंतिम निवडीच्या सकाळी माहितीपत्रकासाठी स्पर्धकांचेही फोटो घ्यायचे होते. वहिनी केस नीट विंचरून आपल्या चित्राशेजारी उभ्या. आक्का एका कानाला फोन लावून दारातून ओरडल्या, “वायरमनकाका, परीक्षक यायच्या आत वहिनींचा फोटो काढून घ्या!”

आता यात काकांचा काय दोष, सांगा? त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात पक्कड. त्यांनी पक्कड वापरली. वहिनींचा फोटो भिंतीवरून काढून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अदबीने विचारलं, “कुठे ठेवू?”

फोटो काढून घ्यायला हसऱ्या चेहऱ्याने उभी असलेली बाई, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा फोटो निघतोय. वहिनी एवढंच म्हणाल्या, “द्या, मीच नेते.”

परीक्षक आले. रिकामा खिळा, खाली पाटी, ‘परत न नेलेले’. एक परीक्षक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “वा! रिकाम्या जागेचा काय धीट वापर आहे!” सर, रागावू नका, ती पाटी वाचून मीही तेच म्हणालो असतो.

आक्का धावत आल्या. “वापर कसला! हा घोळ आहे. आणि तो मी घातलाय.”

मंडळी, या वास्तूत छत गळतं, माइक बिघडतो, निमंत्रणं पोचायची राहतात. सगळं आपोआप होतं. कुणी काही करत नाही. इथे ‘घोळ मी घातला’ असं कर्तरी वाक्य त्या दिवशी प्रथमच ऐकू आलं. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, “जाऊ द्या हो आक्का. नियमच आहे, भिंतीवर नाही ते स्पर्धेत नाही. एक कमी झालं तर निवड सोपी.” आक्कांनी परीक्षकांसमोर चहा मांडला आणि पायात चपला सरकवल्या.

मी तेव्हा दुकानात माझी पँट न्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं स्वतः ऐकलेलं आहे. वहिनी इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “टाकायचेत की न्यायचेत?”

“तुम्हाला न्यायचंय,” आक्का धापा टाकत म्हणाल्या.

“काढलेला फोटो परत लावताय? दया आली वाटतं.”

“दया करायला मला वेळ आहे का? तिकडे तीन परीक्षक चहा पिऊन फुगलेत. माझ्या तोंडातून भलतं निघालं, काकांनी भलतं ऐकलं. तुम्हाला अजून कुणी नाकारलेलंच नाहीये, बाई! निवडतील की नाही, मला ठाऊक नाही. नापास व्हायचं तर भिंतीवर जाऊन रीतसर व्हा. घरी बसून कसल्या नापास होताय?”

दादांनी तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही गल्ल्यावर बसा.” आणि इस्त्री बंद केली.

फोटो परत लागला. वहिनींना नियमाप्रमाणे दाराबाहेर थांबवलं. आत तिघांचं जुंपलं. एक म्हणे, ही नुसती दुकानातली दांडी आहे. दुसऱ्या बाई म्हणत, तुम्हाला त्या छोट्या कोटाची बाही दिसत नाही का. तिसरे दोघांनाही हळू बोला म्हणून ओरडत होते. शेवटी दोन विरुद्ध एक, निवड झाली. बक्षीस मिळालं नाही. समोरच्या भिंतीवर, डावीकडे, तो पाहा.

त्या संध्याकाळी मी वहिनींचं अभिनंदन केलं, तर त्या म्हणाल्या, “भावजी, निवड झाली ते नंतर कळलं. पण तीन शहाणीसुरती माणसं माझ्या फोटोवरून भांडत होती, आणि मी बाहेर उभी राहून ऐकत होते. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीवरून कुणी भांडलं नव्हतं हो.”

आक्का, आमच्या घराकडून तुमचे आभार मानायचे ते त्या भांडणाबद्दल. कलादालनाचे आभार, परीक्षकांचे आभार, वायरमनकाकांचे तर खास. माझ्या जिभेला धार जरा जास्त आहे. कुणाला लागली असेल तर आजच्या दिवसापुरतं पोटात घाला. वहिनी, उठा. आक्कांना हार तुम्ही घालायचाय.