बदामात कोण बसलंय

...नाही पण तुम्हीच सांगा, चौदा महिन्यांच्या पोरीने आईला बघून तोंड असं करावं का, कडू औषध पाजल्यासारखं? पाळणाघराच्या दारात मी रोज संध्याकाळी हात पसरून उभी, आणि आमची ठकी तिथल्या मावशींच्या गळ्याला अशी चिकटलेली, की सोडवायला दोन माणसं लागावीत. वर मावशी गोड आवाजात, "जा गं बाळा, आई आलीय ना तुझी." आता ही ओळख त्यांनी करून द्यायची? नऊ महिने पोटात ती काय पाहुणी म्हणून राहिली होती? मी जळत नाही हं. नुसतं सांगते.

तुम्हाला सांगते, मी मनावर घेतलंही नसतं. पण मी कामाला कुठे, तर डॉक्टरकीच्या कॉलेजात, साफसफाईला. तिथे वर्गात मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल आहे. दर शनिवारी त्याचे तुकडे सुटे करायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि परत जसेच्या तसे बसवायचे. सातवी शिकलेली बाई मी, पण बोलता बोलता मेंदू जोडते, तिथल्या पोरांना पुस्तक उघडं ठेवून जमत नाही. तर त्या शनिवारी दोन बारके तुकडे हातात होते, एक बदामाएवढा, एक वळलेल्या शेपटीच्या माशासारखा. मॅडम पेपर तपासत होत्या, म्हटलं विचारावं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हा वाकडा म्हणजे हिप्पोकॅम्पस. काय घडलं, कुठे घडलं, ते हा लक्षात ठेवतो. आणि बदाम म्हणजे अमिग्डला. भीती, माया, सगळं याच्यापाशी. लहान मुलांचा हिप्पोकॅम्पस कच्चा असतो, त्यांना पुढे काही आठवत नाही. बदाम मात्र जन्मापासून कामाला लागलेला. वास तर जवळजवळ थेट तिथेच जातो."

झालं. फडकं हातातच राहिलं. म्हणजे बघा, मी तिला कडेवर घेऊन पोळ्या लाटल्या, तापात मांडीवरून उतरवलं नाही, ते सगळं त्या कच्च्या माशाच्या भरवशावर? आणि मावशी दिवसाचे दहा तास बदामात मुक्काम ठोकून? घरी ह्यांना सांगितलं, तर हे घास गिळून म्हणतात, "बरंच आहे की, पोरगी तिथे खूश आहे." ह्यांच्या बदामात काय असेल देव जाणे. बहुतेक उशी.

आणि ठकीला झोपायला काय लागतं, माहितेय? मावशींची जुनी निळी ओढणी. त्यांनीच दिलेली, "रडली तर नाकाशी धर गं." पोरगी हुंगते आणि दोन मिनिटांत गाढ. घर माझं, मांडी माझी, आणि वास त्यांचा. मी जळत नाही हं. पण रविवारी सकाळी ती ओढणी मी गरम पाण्यात घातली. साबण लावला, परत लावला, परत लावला. दोरीवर टाकली तेव्हा इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू...

दुपारी ठकीने ओढणी हुंगली. उलटी करून हुंगली. मग चोर सापडल्यावर बघतात तसं माझ्याकडे बघितलं, आणि जो सूर लावला तो दीड तास. शेजारीण दारात, "काय गं, भाजलं का पोरीला?" हे कानावर उशी घेऊन. शेवटी पोरगी काखोटीला मारली, ओढणी उचलली आणि गेले मावशींच्या दारात.

त्यांनी ओढणी हुंगली. "धुतलीस?"

"मळली होती."

"दोनदा?"

"...तीनदा."

मला वाटलं आता ऐकवतील. तर म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलीला माझी सासू सांभाळायची. मी तर त्यांची चादर चुलीत घालायला निघाले होते." आणि ओढणी गळ्यात टाकून ठकीला घेतलं. पोरगी गप्प. ओढणी त्यांच्याकडेच राहिली, वास परत मुरायला. पुढचे पाच दिवस ठकी माझ्याकडे रडून दमली की झोपायची. शुक्रवारी मावशींनी ओढणी परत दिली. "आता नुसती नाकाशी धरू नकोस. स्वतःच्या गळ्यात घाल. तुझाही वास मुरू दे."

आता रोज पाळणाघराच्या कोपऱ्यावर मी ती ओढणी पिशवीतून काढते, गळ्यात घालते, मग दारात जाते. ठकी झेप घेते आणि तोंड खुपसून बसते. बदामात कोण बसलंय ते मला ठाऊक आहे. पण हात तर माझ्या गळ्यात असतात ना?

मी जळत नाही हं. ओढणी तेवढी धूत नाही.