स्टँडवरचं कुंकू

नाव: शोभना प्रल्हाद केतकर. वय: सत्तर. व्यवसाय: लॅबमध्ये नोकरी, आता निवृत्त. राहणार: ईडन प्रेरी, मिनेसोटा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती प्रल्हाद, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, यांच्यासह राहते. मला इंग्रजी येतं. पण आमचा मुलगा निमिष याने इंग्रजीत बरंच सांगून ठेवलं आहे, म्हणून मी मराठीत सांगत आहे. दुभाषी म्हणून स्वानंदी हजर आहेत.

काल खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते आणि पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. गाडीला आधार द्यायचे दोन्ही लोखंडी स्टँड मी हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवले होते. जॅक तेलकट, म्हणून तो गॅरेजमध्येच ठेवला.

दुपारी, गाडीखालून खडखड ऐकू येते म्हणून पतींनी ती ड्राइव्हवेच्या सपाट भागात लावली. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावले. जॅक खूण असलेल्या जागीच लावला आणि मध्ये खाचेचा रबरी तुकडा ठेवला, म्हणजे गाडीची कड दुमडत नाही. निमिषने एकदा भलतीकडे जॅक लावून ती कड चेपवली होती. हे त्याने सांगितलं नसेल.

गाडी उचलल्यावर पती म्हणाले, "तुझी पूजा कशाला मोडायची? दोन मिनिटांचं काम आहे, नुसत्या जॅकवर करतो."

मी म्हटलं, "देवाला मी समजावते. तुम्ही थांबा."

मी दोन्ही स्टँड आणून दिले. पतींनी गाडी त्यांच्यावर टेकवली, हलवून पाहिली आणि मग ते खाली शिरले. कानातलं मशीन त्यांनी माझ्याकडे दिलं होतं.

पाऊस भुरभुरत होता. कुंकू भिजून ड्राइव्हवेवर ओघळलं. समोरच्या कॅरलबाईंना लाल ओघळ आणि न हलणारे दोन पाय दिसले. मी गॅरेजच्या आत बसले होते, त्यामुळे त्यांना दिसले नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांच्या हाका पतींना ऐकू गेल्या नाहीत, तेव्हा मी बाहेर आले. कोणालाही इजा नाही. कॅरलबाईंविरुद्ध तक्रार नाही, उलट त्यांना शिरा नेऊन दिला आहे.

बाबांना हे आता झेपत नाही, जॅक मी घेऊन जातो, असं निमिषचं म्हणणं आहे. त्याखाली माझंही लिहावं. पती आधाराशिवाय गाडीखाली कधी गेलेले नाहीत. काल जाणार होते, मी अडवलं, तेही लिहावं. गाडीखालून बाहेर येतात तेव्हा ते जितके खुश असतात, तितके एरवी नसतात. ते मला घालवायचं नाही.

भीती वाटत नाही का, असं जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारलं. वाटते. म्हणून ते खाली असले की मी खुर्ची टाकून बसते आणि बाहेर येईपर्यंत उठत नाही.

जबाब स्वानंदींनी वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सहीपूर्वी एवढी भर घालावी: गॅरेजमध्ये दुसरी खुर्ची आहे. निमिषने जॅक नेऊ नये, रविवारी येऊन तिच्यावर बसावं.