जोरात नाही, जास्त वेळ

…आणि कात्री कुलपात! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं कटिंग मास्टर आहे मी, सुटाचं कापड डोळे मिटून कापीन, आणि आमच्या मालकांनी माझी कात्री कपाटात घालून किल्ली गळ्यात अडकवली. का, तर कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, मास्तरांचं रक्त गोठत नाही. अहो, नाही गोठत, जन्मापासून नाही गोठत, म्हणून तर चहा उकळेपर्यंत मी स्वतःच्या हाताने शिरेत सुई घालून औषध घेतो... स्वतःच्या हाताने, बरं का, आणि दुकानात मला टाचणी देत नाहीत! मालकांना समजावलं, बोट कापलं तर दाबून धरायचं, रक्त जोरात नाही वाहत, जास्त वेळ वाहतं. खरं भांडण गुडघ्याशी, तो आतल्या आत रक्त साचून सुजतो, म्हणून मी रोज पोहतो, तुमच्यासारखा खुर्चीत फुगत नाही... हे शेवटचं मनात म्हणालो.

तर मालक म्हणतात, "नको हो मास्तर, उद्या काही झालं तर वहिनींना काय तोंड दाखवू?" वहिनींना? अहो, माझी बायको मला रोज भाजी चिरायला बसवते! तिला हे सांगितलं तर म्हणते, "बरं, कांदे तेवढे चिरून जा." काजं-बटणं करणाऱ्या मावशी तर त्याहून पुढच्या. "रक्त गोठत नाही ना, मग भुताच्या गोष्टी ऐका, भीतीने आपोआप गोठेल." आता यांना काय सांगायचं? जोरात नाही हो मावशी, जास्त वेळ!

तेव्हापासून मी नुसता खडूने रेघा मारतोय आणि कापतायत कोण, तर मालक. कोटाची एक बाही शाळेत, दुसरी कॉलेजात.

आणि काल त्यांनीच बोट कापून घेतलं. कापलं म्हणजे किती, तर डासानेही नाक मुरडलं असतं. पण रक्त बघून मालक जे आडवे झाले ते थेट कापडावर, आणि सगळे बघत उभे. मीच धावलो, बोट दाबलं, हात वर धरला, तर डोळे उघडून विचारतात, "फार जोरात वाहतंय का हो?" म्हटलं, "थांबलंसुद्धा. तुमचं गोठतं मालक, नशीबवान आहात."

विरघळले हो. गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, "मास्तर, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, घ्या तुमची कात्री." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. कपाट उघडलं, कात्री हातात घेतली... तर मागून म्हणतात, "यापुढे कुणाला लागलं, तर मलमपट्टी तुमच्याकडे. कापडाला मात्र हात लावायचा नाही."

आता काय, पट्ट्या कापतो. कापड मालक कापतायत म्हटल्यावर मला काम कमी पडायचं नाही.