आज लिफ्ट बंद आहे

आजच्या सभेचे अध्यक्ष एगर साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती प्राध्यापक नोटबुर्गा प्लाटनरबाई, आणि चार जिने चढून धापा टाकत आलेल्या माझ्या इन्सब्रुककर मित्रांनो,

जिन्यांचं आधी सांगतो. लिफ्ट मीच कुलूपबंद केली आहे. तिचं लोखंड वरखाली झालं, की तळघरातल्या प्रयोगशाळेत बाईंच्या अणूंचा ताल बिघडतो. एगर साहेब मघाशी गुडघा चोळत म्हणाले, "विगिल, निरोप बाईंना आहे की माझ्या गुडघ्याला?" माफ करा साहेब. मी सारखा दाराकडे बघतो आहे, त्याचं कारणही हे अणूच.

शाळा अर्धवट सोडून मी इथं हवा उपसायचे पंप जोडायला लागलो. एवढे मोठे संगणक असताना पन्नास अणू पोकळीत टांगून कशाला ठेवायचे, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "एकटा माणूस कसा वागेल ते सांगता येतं. लग्नघरात पन्नास जण एकमेकांना ओढू लागले की सांगता येतं का? मग लग्नच लावून बघायचं." तेव्हापासून आम्ही लेसरने रोज ते लग्न लावतो.

गेल्या वसंतात बाईंना दिसलं, की हे अणू आपली सुरुवातीची मांडणी अपेक्षेपेक्षा फार लवकर विसरतात. बाहेरचे जाणकार म्हणाले, अणू विसरत नाहीत, बाईंचं यंत्रच त्यांना धक्के देतं. बाई म्हणाल्या, "असेलही. बघू."

बघायचं कसं? ओढ उलटी करायची आणि अणूंना आल्या वाटेने मागे न्यायचं. बाहेरून धक्के बसले असतील, तर ते घरी पोहोचणार नाहीत. सकाळपासून तेच चालू आहे, कारण बाई आज निवृत्त होताहेत आणि उद्या यंत्र सुटं होणार. अणू परतले नाहीत, तर बाई या विसरण्यावरचा आपला शेवटचा शोधनिबंध मागे घेणार आहेत. अशा वेळी तुमच्यापैकी कुणाला हे सफरचंदाचं श्ट्रूडेल गोड लागेल? बाई मात्र दुसरा तुकडा घेताहेत.

खाली त्यांचा विद्यार्थी कासियान बसला आहे. आमचं ठरलंय, अणू परतले तरच त्याने कुलूप काढून लिफ्टने वर यायचं. फसलं तर जिन्याने, म्हणजे पुन्हा करून बघता येईल.

आता बाईंच्या स्वभावाबद्दल. बाई कधी... थांबा, जिन्यात पावलं वाजली का? नाही, साहेबांची खुर्ची होती. तर, बाई कधी ओरडल्या नाहीत. माझ्या हातून स्क्रू ढिला राहिला, तर एवढंच म्हणायच्या, "विगिल, अणूंना तुझी दया येईल, मला येणार नाही."

ही घरघर ऐकलीत?

लिफ्ट आहे. ये कासियान, इथूनच सांग. काय? मागे ऐकू आलं नसेल, तो म्हणतोय, "परतले. जवळजवळ सगळे."

टाळ्या जरा थांबवता का, बाई काही सांगताहेत. त्या म्हणताहेत, "एकदा जमलं तो योगायोगही असेल. सकाळपर्यंत वेळ आहे. विगिल, लिफ्ट बंद कर."

तर, आपण सारे आलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. उतरतानाही जिनाच आहे. एगर साहेब, माझा खांदा धरा.